मागल्या कणकेचा गोळा

करिंथ येथील मंडळीत एक मनुष्य आपल्या पित्याच्या पत्नीशी संसार करीत होता. लेवीय १८:८ प्रमाणे हे निषिद्ध. रोमन कायद्यासही सावत्र आईशी विवाह मान्य नव्हता. तथापि १ करिंथ ५ लक्षपूर्वक वाचल्यास संत पौलाच्या शब्दांचा रोख त्या मनुष्यापेक्षा मंडळीवरच अधिक असल्याचे दिसते. तिने शोक करावा, तर ती फुगून गेली होती. आपण किती उदार, हाच तो फुगारा असावा, असे आम्हांस वाटते.

खमिराचा दृष्टान्त येथेच येतो. त्या काळी खमीर म्हणजे मागल्या कणकेतून राखून ठेवलेला आंबट गोळा, आपल्याकडील विरजणासारखाच. तो नव्या कणकेत मिसळला की मागले आंबणे पुढे चालते. म्हणूनच वल्हांडणापूर्वी यहूदी लोक घर झाडून त्याचा कणही उरू देत नसत. खपवून घेतलेल्या पापाचे असेच आहे. एकाचे पाप आज मुकाट्याने चालले, की उद्या बाप्तिस्मा घेणारा तीच मंडळीची रीत समजतो.

शिस्तीचा हेतू पाचव्या वचनात स्पष्ट आहे: त्या मनुष्याचे तारण. शिवाय न्याय करावयाचा तो आतल्यांचा, बाहेरच्यांचा नव्हे. अकराव्या वचनात जारकर्म्याच्या जोडीला लोभी, निंदक, मद्यपी व लुबाडणारा हेही आहेत. आपली शिस्त बहुधा पहिल्या नावापाशीच थांबते. हुंडा मोजून घेणारा गृहस्थ मंडळीच्या कारभारात सन्मानाने बसलेला असतो.