काचेच्या घरांचं राज्य

हुकूमशाहीवरच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की आधी आठवतं ते ऑर्वेलचं ‘१९८४’. ती कादंबरी आली १९४९ साली. त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, रशियन क्रांतीचा धुरळा खाली बसायचा होता तेव्हाच, येवगेनी झाम्यातिननं ‘आम्ही’ लिहून ठेवली होती. ऑर्वेलनं ती फ्रेंच भाषांतरातून वाचली आणि जानेवारी १९४६मध्ये ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकात तिच्यावर लिहिलं. मला ती ‘१९८४’हूनही अधिक अस्वस्थ करते, कारण तिचा नायक सुरुवातीला भेदरलेला नाही. तो सुखी आहे.

डी-५०३ हा त्याचा क्रमांक. नावं केव्हाच संपली आहेत. हा गणिती ‘इंटिग्रल’ नावाचं अंतराळयान बांधतो आहे आणि परग्रहावरच्यांना ‘एकराज्या’चं सुख कळावं म्हणून टिपणं लिहितो आहे. तिथली घरं काचेची. पडदे ओढता येतात ते गुलाबी कुपनावर, नोंदवलेल्या जोडीदाराच्या भेटीपुरते. लाखो माणसं एकाच क्षणी उठतात, एकाच तालात जेवतात, प्रत्येक घास पन्नास वेळा चावतात. दिवसातले दोन तास तेवढे ज्याचे त्याला मोकळे, आणि तेही कधीतरी वेळापत्रकात बसावेत अशी डी-५०३ची मनापासूनची इच्छा. प्राचीन साहित्यातली सर्वश्रेष्ठ कृती कोणती, तर त्याच्या मते रेल्वेचं वेळापत्रक!

या राज्याचा आराध्यपुरुष आहे फ्रेडरिक टेलर, कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजणारा अमेरिकी इंजिनियर. झाम्यातिन स्वतः जहाजबांधणीचा इंजिनियर. १९१६-१७मध्ये न्यूकॅसलला रशियासाठी बर्फफोड्या जहाजांची कामं त्यानं पाहिली होती. यंत्रयुगाची शिस्त त्याच्या चांगल्या परिचयाची होती, म्हणून या कादंबरीला निव्वळ बोल्शेविकविरोधी म्हणणं मला अपुरं वाटतं. तरुणपणी तो स्वतःच बोल्शेविक होता. झारच्या तुरुंगातही जाऊन आला होता.

सुखाच्या या हिशेबाला तडा देते त्याची प्रेयसी आय-३३०. ती डी-५०३ला विचारते, शेवटची संख्या कोणती ते सांग. संख्यांना अंत नाही, हे तो गणिती म्हणून जाणतोच. मग शेवटची क्रांती तरी कशी असेल, हा तिचा पुढचा प्रश्न. माझ्या मते कादंबरीचा गाभा इथे आहे. आपली क्रांती अखेरची, यापुढे विचारायचं काही उरलं नाही, असं म्हणणारी सत्ता प्रश्न विचारणाऱ्याला रोगीच ठरवणार. एकराज्यात त्यावर इलाज आहे: क्ष-किरणांनी मेंदूतलं कल्पनाशक्तीचं केंद्र जाळून टाकायचं.

मायदेशात कादंबरी अडवली गेली. १९२४मध्ये ती न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाली. पुढे तिचे भाग प्रागमधल्या रशियन मासिकात छापून आले आणि १९२९मध्ये झाम्यातिनविरुद्ध मोहीमच उघडली गेली. लिहू न देणं ही लेखकाला देहदंडाचीच शिक्षा आहे, असं १९३१मध्ये स्टालिनला पत्रातून कळवून त्यानं देश सोडायची परवानगी मागितली. गॉर्कीच्या मध्यस्थीनं ती मिळाली. १९३७मध्ये तो पॅरिसला वारला. सोव्हिएत संघात ‘आम्ही’ छापली गेली थेट १९८८ साली.

कादंबरीच्या शेवटी, मेंदूवरच्या त्या शस्त्रक्रियेनंतर, डी-५०३ आपल्याच प्रेयसीचा छळ शांतपणे पाहतो. ‘१९८४’च्या नायकाचा, विन्स्टनचा, शेवटही याच जातीचा. पण झाम्यातिन इथे थांबत नाही. डी-५०३ची नोंदवलेली जोडीदार ओ-९० त्याचं मूल पोटात घेऊन, परवानगीशिवाय, एकराज्याभोवतीच्या हिरव्या भिंतीपलीकडे निसटली आहे. आय-३३०नं छळ सोसूनही तोंड उघडलेलं नाही. आणि शेवटच्या टिपणात शहराच्या पश्चिम भागात बंड अजून चालूच आहे.