मिटलेले डोळे आणि जागे मन
(निद्रा, मूर्च्छा, संन्यास आणि मण्यारदंश : एक व्यवहारोपयोगी विचार)

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्यामध्ये शेलू हे लहानसे स्थानक आहे. पहाटेची लोकल गाठणारा चाकरमानी, भाताच्या खाचरात राबणारा शेतकरी आणि डोंगरपायथ्याच्या वाड्यांतील ठाकर व कातकरी बांधव असे सर्व या परिसरात नांदतात. अशा ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या वैद्यापुढे डोळे मिटलेला रुग्ण अनेक रूपांनी येतो. कोणी रात्रपाळी करून ग्लानीत असतो, कोणी लोकलच्या गर्दीत भोवळ येऊन कोसळलेला असतो, तर कोणी मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलेला असतो. आणि एखाद्याला पावसाळ्यातील पहाटे जमिनीवरच्या अंथरुणातून उचलून आणलेले असते. नातेवाईक मात्र सर्वांविषयी एकच वाक्य उच्चारतात, “शुद्ध नाही.” हे वाक्य जसेच्या तसे स्वीकारावे काय, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

निद्रा आणि तंद्रा

मन थकले आणि इंद्रिये श्रमाने विषयांपासून निवृत्त झाली, की मनुष्य झोपी जातो, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात सांगतात. तेथेच त्यांनी निद्रेचे सहा प्रकार मानले असून, रात्रीच्या स्वभावाने येणारी निद्रा भूतधात्री म्हणून गौरविली आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात तंद्रेचे वेगळे वर्णन केले आहे : विषयांचे नीट ग्रहण न होणे, अंगाला जडपणा, जांभया, थकवा आणि झोप आल्यासारखी चेष्टा. निद्रिस्त मनुष्य हाकेने अथवा स्पर्शाने जागा होतो व लवकरच पूर्ण भानावर येतो. जो जागा होऊनही पुनःपुन्हा त्याच ग्लानीत बुडतो, त्याला झोप लागली आहे असे समजून घरी पाठवू नये.

झोपेतही मन नेहमी विश्रांत नसते. अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये निद्रेतील जलद नेत्रहालचालींची अवस्था वर्णिली. स्पष्ट स्वप्ने बहुधा याच अवस्थेत पडतात. त्या वेळी मेंदू व्यापारशील असतो, परंतु हातापायांचे स्नायू जवळजवळ निश्चल असतात. मन जागे व शरीर निश्चेष्ट ही स्थिती निसर्गच आपल्याला प्रतिरात्री दाखवीत असतो. पुढील विवेचनासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मद, मूर्च्छा, संन्यास

विधिशोणितीय अध्यायात चरकाचार्यांनी मद, मूर्च्छा आणि संन्यास अशी उत्तरोत्तर बलवान होणारी मालिका मांडली आहे. वातज मूर्च्छेत आकाश निळे, काळे वा अरुण दिसून अंधारी येते आणि रुग्ण लवकर सावध होतो; कफज मूर्च्छेत तो उशिरा सावध होतो. दोषांचा वेग ओसरल्यावर मद व मूर्च्छा शमतात, संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, हा त्यांनी सांगितलेला भेद आजही आपल्या निर्णयाचा पाया आहे. गर्दीत उभ्याने भोवळ आलेला चाकरमानी आडवा करून पाय उंचावले की बहुधा काही क्षणांत बोलू लागतो. तो न बोलल्यास आपण संन्यासाच्या उंबरठ्यावर आहोत, असे समजून घाई करावी. खोल पाण्यात बुडणारे भांडे तळाला जाण्यापूर्वीच धरावे, हा आचार्यांचा दृष्टांत याच घाईविषयी आहे.

संन्यासाच्या चिकित्सेत तीक्ष्ण अंजन, अवपीड नस्य, सुईने टोचणे, नखांच्या संधीत पीडा देणे असे उपाय सांगितले आहेत. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या ग्लासगो मापनपद्धतीतही नखावर दाब देऊन प्रतिसाद पाहतात. आचार्यांचा हेतू जागविण्याचा आहे, आधुनिकांचा मोजण्याचा. या पद्धतीत डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ व हालचालीला ६ असे एकूण १५ गुण असतात. किमान गुण ३. आठ वा त्याहून कमी गुण असलेल्या रुग्णाचा श्वासमार्ग धोक्यात आहे असे मानतात.

मापन जेथे फसते

डोळे, वाणी आणि हालचाल ही तिन्ही प्रमाणे स्नायूंवर अवलंबून आहेत. स्नायूच निकामी झाले तर काय? मण्यारदंशात नेमके हेच घडते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यास बहुधा झोपेतच चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे पोटात कळा, उलटी आणि घसा धरल्याची भावना होते. मग पापण्या खाली येतात, बोलणे अस्पष्ट होते, मान धरवत नाही आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू थकतात. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात दर्वीकर, मंडली व राजिमान असे सर्पभेद सांगितले आहेत. मण्यार ही राजिमानांत मोडते, असे अभ्यासक मानतात.

तिचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर आघात करते. म्हणजे ज्ञानेंद्रिये व मन यांचा व्यापार चालू राहतो आणि कर्मेंद्रियांचा मार्ग तेवढा बंद पडतो. अशा रुग्णाला १५ पैकी ३ गुण मिळतील, बाहुल्याही विस्फारून स्थिर होऊ शकतील, आणि तरीही तो भोवतालचा प्रत्येक शब्द ऐकत असेल. “आता काही राहिले नाही” हे उद्गारही तो ऐकतो. श्वसनाला वेळीच आधार मिळाल्यास असे रुग्ण पूर्ण बरे होतात; न मिळाल्यास शुद्धीत असतानाच गुदमरतात.

आपल्याच रायगड जिल्ह्यात महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू व सर्पदंशाच्या ग्रामीण चिकित्सेवर दीर्घकाळ काम केले. मण्यार व नाग यांच्या दंशावरील त्यांचा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. हा प्रश्न अजून आपल्या दाराशीच उभा आहे.

वैद्याचे कर्तव्य

पावसाळ्यात पहाटे पोटदुखी वा जड पापण्या घेऊन आलेल्या, जमिनीवर झोपणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत, दंशाची खूण नसली तरी मण्यारदंशाची शंका घ्यावी. रुग्ण निश्चेष्ट असल्यास बोटांनी पापण्या वर उचलून त्याच्या कानाशी स्पष्ट सांगावे, “वर बघा, खाली बघा.” डोळे हलत नसतील तर हाताचे वा पायाचे बोट हलविण्यास सांगावे. किंचितही हालचाल दिसली, तर संज्ञा शाबूत आहे. मात्र काहीच हलले नाही, म्हणून संज्ञा नाही असा निष्कर्ष काढू नये.

जो बोलू शकतो, त्याला एका श्वासात अंक मोजावयास सांगावे. दर वेळी मोजणी कमी भरू लागली, तर श्वसन खचत आहे. तोंडाने काढा, घृत वा पाणी काहीही देऊ नये. गिळता न आल्यास ते फुप्फुसात उतरते. घट्ट आवळपट्टी बांधू नये व चिरा देऊ नये. रुग्णास कुशीवर ठेवावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष व कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. वाटेत श्वास थांबल्यास तोंडाने अथवा फुग्याने श्वास देत राहावे. प्रतिविष लवकर द्यावयास हवे, कारण एकदा जडलेला स्नायुघात त्याने तत्काळ उतरत नाही. तो उतरेपर्यंत काही तास, प्रसंगी काही दिवस, श्वासाचा आधारच रुग्णाला जगवितो. वाडीतील भगताशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. त्यालाही बरोबर गाडीत घ्यावे.

आचार्यांनी अवस्थांची नावे दिली, ती परीक्षेनंतर उच्चारण्यासाठी. जागृती, तंद्रा, निद्रा, मूर्च्छा आणि संन्यास यांची सीमा पापणीवरून ठरत नाही. म्हणून निश्चेष्ट रुग्णाजवळ उभे असताना, तो ऐकत आहे असे मानूनच बोलावे. त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, आपण काय करीत आहोत ते सांगावे आणि धीर द्यावा. उत्तर येणार नाही. परंतु ते ऐकणारा कोणी आत जागा असू शकतो.