लोखंडी चौकटीची जुनी मत्स्यटाकी गळते का?

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, शाळेच्या अडगळीत किंवा घरच्या माळ्यावर लोखंडी चौकटीची जुनी मत्स्यटाकी असेल, तर ती भंगारात देऊ नका. पण लगेच मासेही सोडू नका.

या टाक्यांच्या काचा चौकटीत पुट्टीने बसवलेल्या असतात. टाकी भरलेली असेपर्यंत पाण्याचा दाब काचेला पुट्टीवर घट्ट दाबून धरतो. टाकी वर्षानुवर्षं कोरडी पडली की पुट्टी कडक होते, तडकते आणि मग गळती लागते.

बाहेरून लेप लावून उपयोग नाही. पाणी आतून बाहेर ढकलतं, त्यामुळे तो लेप सुटतो. उपाय आतूनच करायचा.

टाकी पूर्ण वाळवा. आतल्या कोपऱ्यांतली वर आलेली पुट्टी ब्लेडने खरवडा, काच स्पिरिटने पुसा. जुन्या पुट्टीत शिसं असू शकतं, म्हणून हे काम मोठ्यांनीच हातमोजे घालून करावं. मग उभ्या कोपऱ्यांना आणि तळाच्या चारही कडांना सिलिकॉनची सलग रेघ द्या. सिलिकॉन मत्स्यटाकीचंच घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बऱ्याचदा बुरशीनाशक असतं, ते माशांना घातक. किमान दोन दिवस वाळू द्या, व्हिनेगरसारखा वास गेला पाहिजे.

आता टाकी अंगणात सपाट जागी ठेवा, पाणी भरा आणि एक दिवस बघा. तोवर मुलांना गणित घाला: 60×30×30 सेंमीच्या टाकीत किती पाणी मावेल? 54 लिटर, म्हणजे 54 किलो! ही टाकी डुगडुगत्या बाकावर ठेवायची का, हे मग मुलंच सांगतील.