होडी ‘खरडा’ म्हणताना जरा जपून

नाखवा मंडळी, पावसाळी बंदीत होड्या वर ओढल्या की पहिलं काम बुडाचं. आणि या कामात आपल्या सुरतेत एक शब्द हमखास घोळ घालतो: खरडणे.

मराठीत खरडणे म्हणजे घासून काढून टाकणे, तेही ओबडधोबड, जोर लावून. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही हाच अर्थ आहे. शब्दात घाई आहेच. म्हणून घाईत लिहिलेली चिठ्ठी आपण ‘खरडतो’, कच्च्या मसुद्याला खरडा म्हणतो, आणि हिशेबात घोळ झाला की नाखवा तांडेलाची खरडपट्टी काढतो. भाताच्या टोपाची खरवड तर पोरं भांडून खातात.

आता गुजरातीत बघा. तिथे ‘खरडवुं’ म्हणजे माखणे, बरबटवणे. चिखलाने भरलेले कपडे त्यांच्या भाषेत ‘खरडायेलां’. (कायद्याच्या मसुद्याला मात्र तेही ‘खरडो’च म्हणतात, तेवढं आपलं जुळतं!) म्हणजे आपण ‘बूड खरड’ म्हणतो तेव्हा आपल्याला काढायचं असतं, आणि गुजराती कारागिराला ते लावायचं वाटू शकतं.

गंमत अशी की दोन्ही कामं त्याच बुडावर एकामागोमाग करायची असतात. आधी काढा, मग माखा. क्रम चुकला तर रंग कालवं-शिंपल्यांवर बसतो आणि कवचासकट गळून पडतो. बूड खडबडीत राहिलं की होडी जड चालते, डिझेल जास्त जळतं. ते पैसे आपल्याच खिशातले. तेव्हा कारागिराला सरळ सांगा, ‘घसीने काढी नाखो’. रंगाचं वेगळं सांगा, ‘रंग लगाडो’.

लाकडी होडी पात्याने खरवडली तर चालते. फक्त फळ्यांच्या सांध्यात भरलेला कापूस उकरला जात नाही ना, ते बघा. फायबरच्या होडीला मात्र खरडणं नकोच. वरचा गुळगुळीत जेलकोट ओरखडला की पाणी आतल्या थरांत शिरतं, आणि मग दुरुस्तीचा खर्च रंगाच्या कितीतरी पट. होडी वर घेतल्या घेतल्या, बूड ओलं असतानाच लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. वाळल्यावर तीच घाण दगडासारखी बसते.

बुडाच्या रंगात बहुतेक वेळा तांब्याचं विष असतं, म्हणून तर त्यावर जीव लवकर चिकटत नाहीत. जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून घासा. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा हवाच. पोरांना जवळ खेळू देऊ नका. चुरा गोणीत भरा, खाडीत लोटू नका.

हे काम इथलं जुनंच. १७३६ साली जहाजं बांधायला मुंबईला गेलेले लवजी नसरवानजी वाडिया सुरतेचेच. मोठ्या जहाजांच्या बुडासाठी कोरडी गोदी लागते. आपल्याला ती दर्या फुकट देतो. उधाणाला होडी उंच चढवायची, भांगाचं पाणी तिथवर येत नाही, तेवढ्या दिवसांत बूड उरकायचं. पुढचं उधाण कधी, ते पंचांगात आजच बघून ठेवा.

डहाणू, उंबरगाव, सातपाटीकडच्या घरांत या कामाला वेगळा शब्द असेल तर आम्हाला जरूर कळवा.