दाब डोळ्यातला, दाब डोंगरातला

जुन्या मुंबई-पुणे महामार्गानं पनवेल सोडून चौकच्या दिशेला निघालं की लोधिवली लागतं. धीरूभाई अंबानी रुग्णालयामुळे बाहेरच्यांना या गावाचं नाव ठाऊक असतं. २०२०च्या मार्चमध्ये करोना दाराशी आला, तेव्हा विलगीकरणाची तयार सोय इथेच उभारून जिल्हा प्रशासनाच्या हाती दिली गेली, हेही काहींना आठवत असेल. गावाच्या एका अंगाला रसायनी आणि पाताळगंगेचा औद्योगिक पट्टा. दुसऱ्या अंगाला प्रबळगड, इर्शाळगड आणि त्यांच्यामागे माथेरान. म्हणजे एकीकडे रेणू जोडून नवे पदार्थ करणारे कारखाने, दुसरीकडे पावसानं कुजत, सुटत चाललेला सह्याद्रीचा काळा खडक, आणि मध्ये दवाखाना. पदार्थविज्ञान, नेत्रारोग्य आणि बिनतारी संवेदक या तीन विद्याशाखांचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी त्याला इथे आणून उभा करीन.

त्यांना जोडणारी गोष्ट एकच: पाण्याचा दाब.

१९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर समाजाची वस्ती. वर जायला गाडीरस्ता नव्हता, पायवाट चढूनच जावं लागे. मदतीचं पथकही तसंच चढलं, आणि अवजड यंत्रं खालीच राहिली. त्याआधीच्या तीन दिवसांत जवळजवळ पाचशे मिलिमीटर पाऊस कोसळला होता. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नावच नव्हतं, असं विधिमंडळात सांगण्यात आलं. ते खरंच होतं, आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारं होतं.

त्या रात्री डोंगरात नेमकं काय घडलं असेल, त्याची भौतिकी जुनी आहे. आपल्याकडच्या बेसॉल्टवर झिजून तयार झालेल्या मुरमाचा आणि मातीचा थर असतो. पाऊस त्यात झिरपतो, खाली अखंड कातळाला अडतो आणि तिथेच साचतो. माती उतारावर टिकून राहते ती कणांच्या एकमेकांवरच्या घर्षणानं, आणि घर्षण येतं ते वरच्या वजनामुळे कण दाबले जातात म्हणून. कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं गच्च भरल्या की ते पाणीच वजनाचा वाटा उचलू लागतं. कण एकमेकांपासून हलके सुटतात, पकड ढिली होते. कार्ल तेर्झाघी या अभियंत्यानं १९२०च्या दशकात हे गणितात मांडलं आणि त्यावर मृदायांत्रिकी हे शास्त्र उभं राहिलं. पाऊस किती पडला यापेक्षा आत दाब किती चढला हा खरा प्रश्न असतो, आणि तो वरून दिसत नाही.

आता डोळा. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर. बुबुळ आणि पारपटल (कॉर्निया) जिथे मिळतात त्या कोपऱ्यात एक बारीक जाळी असते, तिच्यातून तो वाहून जातो. मोरीची जाळी तुंबली की पाणी चढतं, तसंच इथे. निरोगी डोळ्यात हा दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तो चढून राहिला तर मागची दृष्टिचेता, म्हणजे दहा-बारा लाख तंतूंची ती जुडी, हळूहळू मरू लागते. यालाच काचबिंदू म्हणतात. बहुतेकदा दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेकडेची नजर जाते, आणि मेंदू ती उणीव इतक्या सफाईनं भरून काढतो की माणसाला पत्ता लागत नाही. मोतीबिंदूत गेलेली नजर शस्त्रक्रियेनं परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही. भारतात चाळिशीपुढच्या १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा २०१०चा एक अंदाज सांगतो. तमिळनाडूत घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू निघाला त्यांच्यापैकी दहातल्या नवांना तो आपल्याला आहे हे ठाऊकच नव्हतं.

डोळा आणि डोंगर या जोडीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो निचरा अडण्याचा आणि आत गुपचूप दाब चढण्याचा भाग. सगळंच जुळतं असं मात्र नाही. दाब बेताचा असूनही काचबिंदू होणारे रुग्ण असतात, आणि उतार, खडकाच्या भेगा, तोडलेली झाडं यांतलं काही नसताना पाण्यामुळेच दरड कोसळते असंही नाही.

डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र तसं जुनं. नॉर्वेच्या श्योत्झनं १९०५मध्ये डोळ्यावर टेकवायचं वजनी उपकरण केलं. पुढे १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमान यांनी आणलेली पद्धत आजही प्रमाण मानतात: पारपटलाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो ते पाहायचं. खोट पद्धतीत नाही, वेळेत आहे. डोळ्यातला दाब दिवसभरात वरखाली होतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो माणूस आडवा झाल्यावर, रात्री किंवा पहाटे, सर्वांत चढतो. डॉक्टरांची ओपीडी मात्र सकाळी दहाला उघडते. डोंगराचंही असंच: पाहणीचं पथक उन्हाळ्यात येतं, तेव्हा माती कोरडी असते.

मग दाबावर चोवीस तास नजर ठेवायची कशी? इथून पुढे पदार्थविज्ञानाचं काम सुरू होतं.

डोळ्यात परकी वस्तू राहू शकते हे कळायला दुसरं महायुद्ध व्हावं लागलं. लढाऊ विमानांच्या ॲक्रिलिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसून राहत, पण डोळा त्यांच्यावर फारसा चिडत नसे. हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रशल्यविशारदानं हे हेरलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ला लंडनमध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. कृत्रिम भिंगाचं आजचं सगळं शास्त्र तिथून निघालं. मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२पासून ही भिंगं देशातच करून त्यांची किंमत इतकी खाली आणली की शिबिरातल्या गरिबालाही ती परवडू लागली. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सची कहाणी तर आणखी मजेदार. प्रागच्या ओटो विख्तर्ले यांनी पाणी पिऊन फुगणारं पारदर्शक जेल शोधलं होतं, पण त्याची भिंगं घडवायची कशी ते जमत नव्हतं. सरकारी पाठबळ आटलं, तेव्हा १९६१च्या नाताळात त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलाच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग जोडून फिरता साचा केला आणि पहिली चार भिंगं काढली. अशी पाणी धरणारी जेलं आपल्याही ओळखीची आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुगणाऱ्या जेलांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्या प्रयोगशाळेचं पाणी शोषणारं बहुवारिक (पॉलिमर) ‘जलशक्ती’ या नावानं शेतीसाठी पुढे आलं होतं.

आता या मऊ लेन्समध्ये तार घालायची. तार ताणली की लांब आणि बारीक होते, तिचा विद्युतरोध वाढतो. विकृतिमापक, म्हणजे स्ट्रेन गेज, १९३८च्या सुमारास याच साध्या गोष्टीवर बेतला गेला. पुलांपासून वजनकाट्यांपर्यंत तो सगळीकडे आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सेन्सिमेड कंपनीनं तो सिलिकॉनच्या लेन्समध्ये बसवला. डोळ्यात दाब चढला की पारपटलाची गोलाई किंचित बदलते. पाऱ्याचा एक मिलिमीटर दाब वाढला तर वक्रतेची त्रिज्या जेमतेम तीन मायक्रॉननं हलते. तेवढी हालचाल लेन्समधला मापक टिपतो. डोळ्यात बॅटरी ठेवणं सोपं नाही. म्हणून डोळ्याभोवती चिकटवलेल्या अँटेनातून लेन्सला वीज मिळते, फॅरडेनं १८३१मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनानं, आणि त्याच वाटेनं मोजमाप बाहेर येतं. माणूस झोपलेला असतानाही नोंद चालू राहते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१६च्या मार्चमध्ये या लेन्सला मान्यता दिली.

यातली एक मेख मात्र जाहिरातींत दिसत नाही. ही लेन्स पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाब सांगत नाही. दाब कधी चढला, कधी उतरला याचा आलेख देते. नेमका आकडा हवा असेल तर गोल्डमानकडेच जावं लागतं. अश्रूंवरून साखर मोजणाऱ्या लेन्सचा गाजावाजा गूगलनं २०१४च्या जानेवारीत केला होता, आणि २०१८मध्ये ते काम गुंडाळलं. अश्रूतली साखर रक्तातल्या साखरेशी इमानानं जुळत नाही, हे त्यामागचं कारण. संवेदक लहान करणं आता तितकंसं अवघड उरलेलं नाही. तो जे मोजतो त्यावर विश्वास ठेवता येतो का, तिथे खरी परीक्षा होते.

लोधिवलीच्या शेजारचं पदार्थविज्ञान इथे पुन्हा डोकावतं. पाताळगंगेकाठी रिलायन्सच्या कारखान्यात १९८२मध्ये पॉलिएस्टरचा धागा निघू लागला. साडी-शर्टाचं हेच बहुवारिक पातळ पत्र्याच्या रूपात आज वाकणाऱ्या, छापील संवेदकांचा पाया म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात.

डोंगरावर मोजणी करणाऱ्यांना डोळ्याच्या डॉक्टरांपेक्षा जागा भरपूर मिळते, बाकी सगळं कठीण. केरळात मुन्नारच्या एका उतारावर अमृता विद्यापीठाच्या मनीषा सुधीर (रमेश) आणि त्यांच्या चमूनं २००८-०९च्या सुमारास बिनतारी संवेदकांचं जाळं पुरलं. जमिनीत खोल भोकं पाडून त्यांत पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर, ओल मोजणारे संवेदक, कल मोजणारे टिल्टमीटर, कंपनं टिपणारे जिओफोन बसवले, वर पर्जन्यमापक. प्रत्येक खांबावरचा रेडिओ शेजारच्याला निरोप देतो, असं करत माहिती विद्यापीठापर्यंत पोहोचते. २००९च्या पावसाळ्यात या जाळ्यानं धोक्याचा इशारा दिला होता. भारतात असं दीर्घकाळ चाललेलं काम दुर्मीळच.

आता स्वस्त रेडिओही मिळतात. देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, आणि त्यावर चालणारे लोरा जातीचे रेडिओ थोड्याशा विजेवर काही किलोमीटर लांब चार अक्षरांचा निरोप पोहोचवतात. डोंगराला तेवढं पुरतं. पण जुलैत सौरपट्टीवर आठवडाआठवडा ऊन पडत नाही, वीज कोसळते, पेटीत पाणी शिरतं, आणि ओल्या रानातून लहरी लांब जात नाहीत. नेमकं गरजेच्या दिवशी यंत्र आजारी पडतं. म्हणून डोंगरासाठीही पाणी आत न जाऊ देणारं आवरण हाच अर्ध्याहून अधिक खटाटोप असतो, डोळ्यातल्या लेन्सइतकाच.

आणि खोटे इशारे. दोनदा रात्री वाडी खाली उतरवली आणि दरड आली नाही, तर तिसऱ्यांदा ‘लांडगा आला रे’ म्हणून लोक झोपून राहतील. सह्याद्रीतल्या प्रत्येक वाडीवर मुन्नारसारखं जाळं बसवणं परवडणारं नाही. सरकारी अंदाजांचं म्हणाल, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र कोलकात्यात १९ जुलै २०२४ला सुरू झालं, इर्शाळवाडीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. त्याचे पहिले अंदाज दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीसाठी होते. महाराष्ट्रातला एकही जिल्हा त्यांत नव्हता. दरडीखाली गेलेल्या माळीणनंतर, तळियेनंतर, इर्शाळवाडीनंतर हे पचवणं जड जातं. ३० जुलै २०१४च्या सकाळी माळीण गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. संवेदकांच्या युगात आपली यंत्रणा एका चालकाच्या नजरेवर टिकून होती.

स्वस्त आणि साध्या उपकरणांच्या बाबतीत नेत्रविज्ञान पुढे आहे, आणि त्यात मराठी माणसाचाही वाटा आहे. नाशिकचे रमेश रासकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. २०१०मध्ये त्यांच्या गटानं ‘नेत्र’ हे उपकरण मांडलं: मोबाइलच्या पडद्यावर एक छोटं भिंगाचं जोडकाम लावायचं, रुग्णानं पडद्यावरच्या रेषा जुळवायच्या, आणि चष्म्याचा नंबर हाती येतो. मोठं यंत्र नको, डोळ्यात थेंब नकोत. लोकांच्या खिशात आधीच असलेली वस्तू वापरायची, ही त्यातली खरी बुद्धी. डोंगरासाठी मला असंच काही हवं आहे: वाडीतल्याच पोराला वाचता येईल असा पर्जन्यमापक, उतारावर चार-दोन दाबमापक, आणि आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की खालच्या शाळेत वाजणारा भोंगा. संशोधन निबंधात हे चमकदार दिसणार नाही. उपयोग मात्र होईल.

मोजून झालं तरी निचरा करावाच लागतो. काचबिंदूत थेंब, लेझर, नाहीतर शस्त्रक्रियेनं पाण्याला नवी वाट करून देतात. सिलिकॉनची निचरा-नळीही बसवतात. डोंगरात चर खणून पावसाचं पाणी वळवायचं, आडव्या नळ्या घालून आतलं पाणी बाहेर काढायचं, धरणाऱ्या भिंतींना भोकं ठेवायची. भोकं बुजलेली संरक्षक भिंत घाटात कुठेही पाहायला मिळते; तिच्या मागे पाणी साचत असतं.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. चाळिशी ओलांडली असेल, किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चष्म्याच्या दुकानातल्या नंबरवर थांबू नका. नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा दाब आणि दृष्टिचेता तपासून घ्या. आणि तुमचं गाव, शेतघर किंवा वीकेंडचा बंगला कर्जत-खालापूरच्या उतारावर असेल, तर मुसळधार पावसात जमिनीला पडलेली नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडं किंवा एकाएकी घट्ट बसू लागलेलं दार दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. घरातल्यांना बाहेर काढा, शेजाऱ्यांना उठवा आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७वर कळवा.