टेस्ट पायलट पहिल्याच दिवशी फुल स्पीड देत नाही, मग तुम्ही का देताय?



आपल्या सातारा-सांगली भागात फौजेचं वेड घराघरात आहे. साताऱ्याची सैनिक शाळा जून १९६१ मध्ये सुरू झाली. त्याच महिन्यात बंगळुरूत 'मारुत' या भारतात विकसित झालेल्या पहिल्या लढाऊ जेटने पहिलं उड्डाण केलं. ते चालवत होते टेस्ट पायलट सुरंजन दास.

टेस्ट पायलट म्हणजे विमान भरवशाचं आहे की नाही, हे स्वतः उडवून बघणारा माणूस. अंतराळवीर राकेश शर्मा सगळ्यांना माहीत आहेत. पण खडकवासल्याच्या एनडीएत घडलेला हा माणूस १९८७ पासून काही वर्षं नाशिकजवळ ओझरला, एचएएलमध्ये मुख्य टेस्ट पायलट होता, हे किती जणांना माहीत आहे?

निवृत्त टेस्ट पायलट आठवणी सांगायला बसले की आपल्याला थरार ऐकायचा असतो. पण नीट ऐकलंत तर त्यात तयारीच जास्त असते. त्यातल्या तीन गोष्टी धंद्याला थेट लागू पडतात.

१. आधी लाकडाचं, मग लोखंडाचं. मारुतचं जेट उडण्याआधी १९५९ मध्ये त्याच आकाराचं, बिनइंजिनाचं लाकडी ग्लायडर उडवून बघितलं होतं. तुम्हाला सांगलीची हळद पॅक करून विकायची आहे? लगेच मशीन आणि गाळा घेऊ नका. अन्न नोंदणी करा, वीस किलो हळद दळून आणा, हाताने पॅक करा आणि विका. दुसऱ्यांदा मागायला कोण येतंय, ते बघा. हे तुमचं ग्लायडर.

२. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. 'तेजस'चं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला झालं. विंग कमांडर राजीव कोठियाल फक्त १८ मिनिटं हवेत होते आणि चाकंसुद्धा खालीच ठेवली होती. तेजसने आवाजाचा वेग ओलांडला तो १ ऑगस्ट २००३ ला, म्हणजे अडीच वर्षांनी! आपण काय करतो? नवीन माल, नवीन गाव आणि उधारी, तिन्ही एकाच महिन्यात सुरू करतो. मग तोटा झाला की तो कशामुळे झाला, हेच कळत नाही.

३. परत फिरायचा आकडा जमिनीवरच ठरवा. टेस्ट पायलट हातात कार्ड घेऊन उडतो. त्यावर काय तपासायचं आणि कुठे थांबायचं, ते आधीच लिहिलेलं असतं. कारण हवेत गेल्यावर माणसाला वाटतं, 'अजून थोडं बघू.' दुकानदारालाही तेच वाटतं, 'दिवाळीपर्यंत बघू.' आणि 'बघू बघू' करत आईच्या पाटल्या गहाण पडतात.

एवढं करून धोका संपतो का? नाही. तेच सुरंजन दास १० जानेवारी १९७० ला मारुतचीच सुधारित आवृत्ती तपासताना अपघातात गेले. म्हणून सावधपणे पाऊल टाकणाऱ्याला भित्रा म्हणू नका. धोका काय असतो, हे त्यालाच जास्त कळलेलं असतं.

माझ्या ट्रेनिंगला येणारी मुलं विचारतात, "सर, रिस्क घेतल्याशिवाय धंदा होतो का?" नाही होत. पण रिस्क घेणं वेगळं आणि डोळे मिटून उडी मारणं वेगळं.

आज रात्री वहीत तीन ओळी लिहा. माझं ग्लायडर कोणतं? या महिन्यात मी कोणती एकच गोष्ट वाढवणार? किती रुपये गेले की मी थांबणार? तिसऱ्या ओळीतला आकडा घरच्यांना दाखवा आणि त्यावर त्यांचीही सही घ्या. गाळ्याचं डिपॉझिट त्यानंतरच भरा.