रेडिओवरची गंमत आणि आपला फवारणीचा पंप



सांजेला जनावरं गोठ्यात बांधून झाली की ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती माणसं जमत, तो काळ आपल्या गावातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ चावडीवरून निघून थेट धुऱ्यावरच्या झाडाला लटकला. बाजारभाव आणि हवामान तर सगळेच ऐकत. पण गावकरी मंडळींसाठीच्या कार्यक्रमात माणूस खिळून राही तो दोघातिघांच्या गमतीदार बोलण्यासाठी. त्यात एक जाणता असे, एक भोळा असे, आणि भोळा नेमका तोच प्रश्न विचारी जो आपल्या मनात असून ओठावर येत नव्हता.

ही रीत ठिकठिकाणी होती. इंदूर केंद्रावर नंदाजी आणि भेराजी माळवी बोलीत शेतीच्या गोष्टी करीत. पाटणा केंद्राचा लोहासिंग हा फौजेतून परतलेला गडी, त्याच्या फुशारकीवर बिहारची खेडी हसली. लखनौ केंद्रावर रमई काकांचे 'बहिरे बाबा' गाजले. आमच्या मते या बहिऱ्या म्हाताऱ्याची युक्ती सर्वांत नामी. बाबांना नीट ऐकू येत नाही म्हणून समोरच्याला तीच गोष्ट दोनदा-तीनदा सांगावी लागते, आणि ऐकणाराही न कंटाळता ती तीनदा ऐकतो. भाषण करणाऱ्या साहेबाने एकच आकडा तीनदा सांगितला तर लोक उठून जातील! पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमाचे काम व्यंकटेश माडगूळकरांसारख्या, खेड्याची बोली अंगात मुरलेल्या लेखकाने बरीच वर्षे पाहिले. लांब अमेरिकेत 'लम आणि ॲब्नर' नावाच्या दोन खेडूत दुकानदारांचा विनोदी कार्यक्रम १९३१ साली सुरू झाला. त्यातल्या कल्पित गावावर लोकांचा एवढा जीव जडला, की १९३६ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या वॉटर्स नावाच्या खऱ्या गावाने आपले नाव बदलून कार्यक्रमातले 'पाइन रिज' हे नाव घेतले.

आता आपल्या कामाचे बोलू. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. औषधाच्या डब्यावर सूचना छापलेल्या असतात, पण अक्षर बारीक, आणि पंप पाठीवर घेतल्यावर ती वाचतो कोण? सभेत "फवारताना काही खाऊ नका" असे सांगितले की माणसं मान हलवतात अन् घरी जातात. तेच बोलणे रेडिओवर असे झाले तर पाहा. नावे आम्हीच ठेवली आहेत.

गणपतराव : काऊन गा महादू, तोंडाले रुमाल नाही बांधला?
महादू : रुमाल बांधला तं खर्रा कसा खाऊ, गणपतभाऊ?
गणपतराव : म्हणजे फवारता फवारता खर्रा खातं तू?
महादू : मंग! पंप बी याच हातानं अन् खर्रा बी याच हातानं. तिसरा हात आणू कोठून?
गणपतराव : अरे बाप्पा, अर्धं औषध तं तूच खाऊन राहिला. अळी उपाशी राहीन ना!

हे ऐकून पारावर हशा पिकतो. हसणाऱ्यांतल्या चार-पाच जणांच्या गालात तेव्हाही खर्रा असतो. कोणी त्यांना बोट लावलेले नाही, नाव घेतलेले नाही, त्यामुळे राग येत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुडी सोडताना हात क्षणभर थांबतो. तेवढे झाले तरी गणपतरावाचे काम झाले. उरलेले त्याने पुढच्या चार वाक्यांत सांगावे : वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, नाकातोंडावर मास्क किंवा कापड हवे, हातमोजे हवेत, काम संपल्यावर साबणाने अंघोळ आणि कपडे वेगळे धुणे. आणि डोके दुखले, मळमळले, डोळ्यापुढे अंधारी आली तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.

गमतीत आकडा हरवतो

विनोदात एक खोट आहे. महादूची चूक लोकांच्या लक्षात राहते, गणपतरावाचे माप विसरते. अर्ध्यातून ऐकणारा तर महादूचेच खरे धरून बसतो. निंबोळी अर्काचे उदाहरण घ्या. "पाच टक्के" एवढेच कानात राहिले तर दुसऱ्या दिवशी पाच काय, किलो की लिटर, यावर वाद. माप असे आहे : ५ किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची आणि पाणी घालून एकूण १०० लिटर करायचे. १५ लिटरच्या एका पंपापुरते करायचे तर निंबोळी पाऊण किलो. म्हणून ऐकताना जवळ पेन्सिल असू द्या. भिंतीवर लिहिले तरी चालेल.

आणखी एक. जुन्या संवादांत पुष्कळदा बायकोला भांडखोर नाहीतर अडाणी दाखवून हशा मिळवत. आम्हाला ते पटत नाही. निंदण तिच्या हाताने, वेचणी तिच्या हाताने, फवारणीचे पाणी भरून देणारीही बहुतेक तीच. तिला जाणती करा अन् गणपतरावाला महादूच्या जागी बसवा, गंमत जास्तच येईल.

एकट्याने ऐकणे आणि मिळून ऐकणे

१९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने, कॅनडातल्या शेतकरी श्रवणमंडळांच्या धर्तीवर, पाच जिल्ह्यांतल्या जवळजवळ दीडशे गावांत एक प्रयोग केला. प्रत्येक गावात वीसेक माणसांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. ऐकून झाले की लगेच चर्चा. रेडिओ आहे पण मंडळ नाही, आणि रेडिओच नाही, अशी गावेही तुलनेला घेतली होती. मंडळाच्या गावांतले ज्ञान भरपूर वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ थोडीच. म्हणजे रेडिओ तोच, कार्यक्रम तोच, फरक पडला तो नंतरच्या चर्चेने.

आता रेडिओ मोबाईलमध्ये आला आणि कानात बोंडं घालून जो तो एकटाच ऐकतो. सोय झाली, पण हशा गेला आणि हशामागून निघणारी चर्चाही गेली. तेव्हा आठवड्यातून एक दिवस तरी दहा-पंधरा जण, बायामाणसांसकट, पारावर किंवा देवळाच्या ओट्यावर बसा. एका मोबाईलचा आवाज मोठा करा. संपल्यावर एकाने एवढेच विचारावे : महादू कुठे चुकला, आणि आपल्यापैकी कोण कोण तसेच करते? उत्तर द्यायला सुरुवातीला लोक लाजतील. एकाने कबूल केले की बाकीचे बोलू लागतात.

आपल्या गावात घडलेली अशी एखादी गंमत पोस्टकार्डावर लिहून कार्यक्रमाच्या पत्त्यावर पाठवा. कोणाचे खरे नाव घालू नका. पीक, औषध आणि वापरलेले माप मात्र बरोबर लिहा, म्हणजे गणपतरावाला उत्तर देता येईल. भाषा आपली घरचीच ठेवा, शुद्धलेखन आम्ही पाहून घेऊ.